मार्कसचं कडवं

माझी बायको ऊना गेल्याचं कळलं तेव्हा मी मागच्या अंगणात खिडकीला काच बसवत होतो. चौकट दोन स्टुलांवर आडवी टाकली होती आणि कडेनं पुट्टी दाबत होतो. काम घरचंच होतं. न्हाणीघराची काच हिवाळ्यात तडकली होती आणि ऊना रोज म्हणायची, अख्ख्या डब्लिनला काचा बसवल्यास आणि घरात मात्र पुठ्ठा. दारावरची घंटा वाजली. बाहेर पोलिसांतली एक तरुण मुलगी टोपी हातात धरून उभी होती. आत येताना तिनं पायपुसण्यावर दोन्ही पाय पुसले, अगदी नीट, आणि त्यावरूनच मला कळलं. चांगल्या बातमीसाठी एवढे पाय कुणी पुसत नाही. ती म्हणाली, मासळीच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या, खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मी म्हणालो, "एक कड राहिलीय, तेवढी पुरी करतो." ती पोर माझ्यामागे अंगणात आली आणि मी अंगठ्यानं ती कड दाबून पुरी करेपर्यंत तशीच उभी राहिली. मला वाटत होतं की कड अर्धी सोडली तर काच निखळेल आणि ऊना ओरडेल. ती आता ओरडणार नाही हे कळलं होतं, तरी वाटत होतं. इस्पितळात तिचा हात हातात घेतला तेव्हा माझ्या बोटांना पुट्टीतल्या जवसाच्या तेलाचा वास येत होता. तिचा हात कोरडा होता. इतका कोरडा हात मला ओळखीचा नव्हता. मी नर्सला म्हणालो, हिचे हात ओले असतात. नर्स म्हणाली, बसा तुम्ही, चहा आणते.

तिला तिच्या गावी नेलं, पश्चिमेला, समुद्राकाठी. तिची इच्छाच तशी होती. तिथली दफनभूमी वाळूत आहे आणि वारा इतका असतो की फादरांचे शब्द अर्धेच ऐकू येतात. तिची धाकटी बहीण डेलिया कबरीपाशी गाणार होती. घरचं गाणं, त्यांच्या आजीनं केलेलं. डेलियानं तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि आवाजच आला नाही. दोन-तीनदा तसं झालं. महिना झाला की मेलेल्यासाठी चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना होते, तिला मिस्सा म्हणतात. मग ती म्हणाली, "महिन्याच्या मिस्साला गाईन. ऊना, तेवढं थांब ग." लोक हसले थोडे, रडत रडत. ते तसेच आहेत. मेलेल्या माणसाला थांब म्हणतात, बस म्हणतात, एवढी घाई कसली म्हणतात. मी डब्लिनचा. आम्ही मेलेल्याशी बोलत नाही. आम्ही इतरांशी त्याच्याविषयी बोलतो.

डब्लिनला परत आलो तर घरात आवाज नव्हता. आवाज नसणं म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं. ऊना काही सतत गात नसे. जिना चढताना गुणगुणायची, पण तेही असं की विचारलं तर म्हणायची, मी कुठे काय म्हटलं? पाचव्या पायरीशी सुराला एक वळण यायचं आणि वरच्या पायरीशी ते सुटायचं. आता मी जिना चढायचो आणि मध्येच उभा राहायचो. मुलगी, ईमर, महिनाभर राहा म्हणाली होती तिच्याकडे, बॉस्टनला. मी म्हणालो, न्हाणीघराची खिडकी बसवायचीय. ती नंतर म्हणाली, "बाबा, आईचं गाणं कुणी टेप केलं होतं ना?" केलं होतं. रेडिओचा एक माणूस दोन-तीनदा येऊन गेला होता, जाड फितीची यंत्रं घेऊन. ऊना त्याला घाबरायची. यंत्राकडे पाठ करून गायची, आणि तो म्हणायचा, बाई, इकडे तोंड करा, आणि ती म्हणायची, तोंड कशाला हवंय तुम्हाला, गाणं हवंय ना?

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तिची पाठच पाहिली. मोठ्या वादळानं तिच्या गावच्या शाळेच्या खिडक्या फुटल्या होत्या आणि मालकानं मला काचा घेऊन पाठवलं होतं. मुक्कामाला ज्या घरी ठेवलं तिथे संध्याकाळी चुलीभोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, ऊना, म्हण ग. ती नको नको म्हणाली, मग भिंतीकडे तोंड वळवलं, डोळे मिटले आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की मला वाटलं हिला कुठेतरी कळ आलीय. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिचा हात धरला आणि जातं फिरवावं तसा हळूहळू गोल फिरवू लागला. मी बाजूच्याला विचारलं, "काय होतंय तिला? डॉक्टर बोलवायचा का?" सगळं घर हसलं. "गातेय रे ती, डब्लिनकरा!" "अरे, बरं वाटत असलं तर माणूस गाईल कशाला?" त्या दिवसापासून त्या गावात माझं नाव डब्लिनकर. तिकडे गाणाऱ्याचा हात कुणीतरी असा धरून फिरवतं. दुसऱ्या संध्याकाळी तो म्हातारा आला नाही. ऊना गाऊ लागली, तिचा हात मांडीवर नुसता पडला होता, आणि कुणीच धरेना. मला राहवलं नाही. मी उठून धरला. तो ओला होता, नुकतीच भांडी घासून आली होती ती. मी फिरवू लागलो, चुकीच्या दिशेनं, आणि तिनं डोळे न उघडता माझा हात उलटा वळवला. गाणं संपल्यावर तिची आई म्हणाली, "हात धरलायस. आता काचा बसवून पळू नकोस." मी तिचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं.

घरचं गाणं मला पुढे कळलं, लग्नानंतर, तुकड्या-तुकड्यांनी. ऊनाचा काका फेस्टी, तिच्या जन्माआधीच बुडाला होता. तो आणि शेजारचा मार्कस, दोघंही विशीच्या आतले, डांबर फासलेली कॅनव्हासची होडी घेऊन मासळीला गेले. मार्कस परत आला. फेस्टी आला नाही, त्याचं प्रेतही सापडलं नाही. फेस्टीच्या आईनं, म्हणजे ऊनाच्या आजीनं, त्या हिवाळ्यात गाणं केलं. तिला लिहिता येत नव्हतं. ती करायची आणि म्हणायची, म्हणून तोंडी बसलं. त्यात बारा-चौदा कडवी आहेत, होडी, वारा, त्याचे बूट, त्याची वाट बघणारी कुत्री, सगळं आहे. आणि एक कडवं मार्कसचं आहे. ते कुणी म्हणत नाही. त्यांच्या किनाऱ्यावर अशी समजूत की बुडण्याच्या गाण्यात जिवंत माणसाचं नाव घेऊ नये. समुद्र एकदा नाव ऐकतो आणि मग त्या नावानं हाक मारतो. म्हणून आजीनंच ते कडवं एकदा घरच्यांना शिकवलं आणि सांगितलं, मार्कस जिवंत आहे तोवर गावात म्हणायचं नाही. त्या जागी श्वास घ्यायचा आणि पुढे जायचं. सगळ्यांनी श्वास घेतला. आजी गेली, मग ऊनाचे आई-वडील गेले. डेलिया लहानपणीच इंग्लंडला कामाला गेली, परत आली तेव्हा जे गावात ऐकलं ते शिकली, श्वासासकट. कडवं ऊनाकडे राहिलं. आणि मार्कस काही मरेना. तो आता नव्वदीला टेकला आहे.

डब्लिनला ते कडवं म्हणता येत होतं. समुद्र दुसऱ्या बाजूचा आहे, इथला समुद्र मार्कसला ओळखत नाही, असं ऊना म्हणायची, अर्धं गमतीत. आजीच्या तिथीला ती सगळं गाणं म्हणायची, स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता, खिडकीकडे तोंड करून. समोर शेजाऱ्यांची भिंत आणि त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी. मी टॉवेल टाकून तिचा ओला हात धरायचो. साबणाचं पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत जायचं. ईमर वर झोपलेली असायची. गाणं आयरिश भाषेत, आणि मला ती येत नाही म्हटलं तरी चालेल. शाळेत मारून मारून शिकवली तेवढी, दार उघड, दार लाव. ऊनाचं गाणं मी शब्दांनी ऐकत नसे. मी हातानं ऐकायचो. कुठे हात जड होतो, कुठे सैल पडतो, कुठे ती ओढून घेते आणि मग देते. मार्कसच्या कडव्याला तिचा हात सगळ्यांत जड व्हायचा. एका वर्षी मी विचारलं, इथे काय आहे ग? ती म्हणाली, थांब, संपू दे. मग हात पुसून खुर्चीत बसली आणि सांगितलं. मार्कस आला, एकटा आला, माझ्या दारात उभा राहिला. त्याचा सदरा मी पिळला, तर समुद्र माझ्या घरात सांडला. त्याला कुणी बोल लावील त्याला माझ्या चुलीशी जागा नाही. एक समुद्रानं नेला, दुसऱ्याला कोरड्यावर बुडवू नका. असं. मी म्हणालो, हे तर चांगलं आहे, हे त्याला सांगायला काय हरकत आहे? ती म्हणाली, "सांगायचं कसं? ते गाणं आहे." आणि भांडी लावायला उठली.

महिन्याच्या मिस्साला मी गेलो. आगगाडीनं, पुढे बसनं. खिडकीबाहेर दगडी कुंपणं लागली की ऊना डबा उघडायची, तशी बाकावरच्या एका बाईनं डबा उघडला आणि मी तोंड फिरवलं. मिस्सा झाल्यावर सगळे डेलियाच्या घरी जमले. हॅमचे सँडविच, चहा, ज्यांना हवी त्यांना व्हिस्की. चुलीत जळणाऱ्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुराचा वास ऊनाच्या जुन्या कोटाला येत असे, तोच. चुलीच्या कोपऱ्यात मार्कस बसला होता, टोपी गुडघ्यावर, काठी भिंतीला लावून. लोक त्याच्याशी बोलताना जरा मोठ्यानं बोलत आणि जरा लवकर संपवत. नेहमीच तसं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय डब्लिनकरा, बारीक झालास." मी म्हणालो, "तुम्ही नाही झालात." तो म्हणाला, "माझ्यात आता बारीक व्हायला काही राहिलेलं नाही."

मग डेलिया मला म्हणाली, "डेस, तू बस माझ्याजवळ. तिचा धरायचास ना, तसा धर." मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला सांग. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा हात धरून मला ते येणार नाही. कबरीपाशी तेच तर झालं." तिनं चुलीकडे तोंड वळवलं. मी तिचा हात घेतला. लहान, कोरडा, गाठी आलेला. ती गाऊ लागली आणि पहिल्या कडव्यातच मला कळलं की आवाज ऊनाचा नाही पण वळणं तिची आहेत. जिन्याच्या पाचव्या पायरीचं वळण तिसऱ्या कडव्यात आहे हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती जिन्यावर त्या कुत्रीचं कडवं म्हणत होती, वाट बघणाऱ्या. मी डोळे मिटले. घरात कुणी हलत नव्हतं, फक्त मध्येच कुणीतरी, हं, शाबास, देव तुला शक्ती देवो, असं हळूच म्हणायचं, तसं म्हणायची रीत आहे. हात फिरत होता. मी डब्लिनच्या स्वयंपाकघरात होतो, समोर चादरी होत्या. मग डेलियानं श्वास घेतला आणि पुढचं कडवं धरलं, आणि माझा हात थांबेना. तिच्या सुरावर नाही, दुसऱ्याच सुरावर, जड, सावकाश, गोल गोल. तिचा हात एकीकडे जात होता आणि माझा दुसरीकडे ओढत होता. डेलियानं डोळे उघडले. गाणं तुटलं नाही, पण अडखळलं. मी हात सैल सोडला. डोळे उघडले तेव्हा समोर मार्कस माझ्या हाताकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. डेलियानं शेवट केला, शेवटचे शब्द गायचे नसतात, साधे बोलायचे असतात, तसे बोलली आणि उठून चहा बघायला गेली.

थोड्या वेळानं मार्कस म्हणाला, "मला घरापर्यंत सोड." त्याचं घर उतारावर, समुद्राकडे पाठ करून बांधलेलं. तिथली बाकी सगळी घरं समुद्राकडे बघतात. अर्ध्या वाटेत तो कुंपणाच्या दगडाला टेकून उभा राहिला.

"डेलिया पुढे गेली," तो म्हणाला, "आणि तुझा हात मागेच राहिला."

"सवय आहे."

"तेच म्हणतोय. हाताला सवय कुठून लागली? गावात तर ते कुणी म्हणत नाही."

 खाली ओहोटी लागली होती, शेवाळाचा वास येत होता.

"मला वेडा समजतात का रे हे लोक?" तो म्हणाला. "माझा सगळा जन्म माझ्यासमोर त्या जागी श्वास घेण्यात गेला यांचा. ज्या पोरांना कडवं माहीत नाही तीसुद्धा घेतात. इतका मोठा श्वास की शेगडी विझेल. म्हातारीनं मला शाप दिलाय हे शेंबड्या पोरालासुद्धा कळेल. असू दे. शापाला मी लायक असेन. पण माझ्या नावचा आहे ना? मग एकदा माझ्या पदरात घाला की. उगाच दुसऱ्यांनी का सांभाळायचा?"

मी म्हणालो, "शाप नाही तो. समुद्रानं तुमचं नाव ऐकू नये म्हणून गाळतात."

तो हसला. दात नव्हते, त्यामुळे हसणं खोकल्यासारखं वाटलं. "समुद्रानं? मी त्या दिवसापासून त्यात अंगठा बुडवलेला नाही. मला हाक मारून काय करणार तो? उतार चढून घरी येणार? त्याचेही गुडघे गेले असतील आता." मग त्यानं काठी कुंपणाला लावली आणि माझा हात धरला.  "म्हण," तो म्हणाला. "मी फिरवतो. तू म्हण."

मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो. चर्चमध्येसुद्धा ओठ हलवतो. पण त्यानं हात फिरवायला सुरुवात केली, योग्य दिशेनं, आणि हातामागून सूर आला, आणि सुरामागून शब्द. मार्कस आला, एकटा आला, माझ्या दारात उभा राहिला. त्याचा सदरा मी पिळला, तर समुद्र माझ्या घरात सांडला. आयरिशमध्ये, जसे तिच्या तोंडून निघायचे तसे, माझ्या डब्लिनच्या जिभेनं मोडलेले. आणि मग काही नाही. सूर होता, हात फिरत होता, पण शब्दांच्या जागी नुसता तिचा आवाज होता, भिंतीपलीकडून यावा तसा, बोलणं कळत नाही पण माणूस कळतं. मी थांबलो. मार्कस हात फिरवत राहिला.

"पिळला होता," तो म्हणाला. "खरं आहे. दारातच उभं केलं, सदरा काढून घेतला आणि दोन्ही हातांनी पिळला. माझ्याकडे बघितलंही नाही. एक शब्द बोलली नाही. त्याविषयी नंतरही कधी बोलली नाही. मिस्साला भेटायची, हवा बरी आहे म्हणायची." मग म्हणाला, "पुढे?"

"शब्द येत नाहीत. अर्थ येतो."

"अर्थ सांग."

मी सांगितला. बोल लावील त्याला चुलीशी जागा नाही. एक समुद्रानं नेला, दुसऱ्याला कोरड्यावर बुडवू नका. बोलताना मला वाटलं हा आता रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. तो खाली पाण्याकडे बघत होता, म्हणजे पाण्याच्या बाजूला, नजर दगडांवर.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"ऊनानं."

"ऊना चांगली पोर होती," तो म्हणाला. "कुणाला लागेल असं ती कधी बोलली नाही. शाप असता तरी तिनं तुला असंच सांगितलं असतं." त्यानं माझा हात सोडला. "असं तर फादरही सांगतात. चार फादर झाले, चौघांनी सांगितलं, तुझा दोष नाही. बोलण्यात माणूस दयाळूच असतो रे. म्हातारी बोलली असती तर मी विश्वास ठेवला नसता. गाण्यात असेल तर खरं. गाण्यात ती खोटं बोलली नसती. तिचा पोरगा होता." मग काठी उचलली. "आठवलं की ये. मला घाई नाही, पण नव्वद आहे."

तेव्हापासून माझ्या मनात ते शिरलं आहे. ऊनानं मला खरं सांगितलं होतं का? ती खुर्चीत बसली होती, हात पुसले होते, माझ्याकडे न बघता सांगत होती. का बघत नव्हती? मी त्या संध्याकाळीत पुन्हा पुन्हा जातो. तिचा एप्रन निळा होता की तो नंतरचा? चादरी होत्या की पाऊस होता? ती थांबली होती का, समुद्र सांडला म्हणाल्यानंतर, जरा जास्तच? आयुष्यभर मला तिच्या बोलण्याची शंका आली नाही आणि आता, ती नसताना, एका म्हाताऱ्याच्या एका वाक्यानं आली. मग वाटतं, हात खोटं बोलत नव्हता. कडव्याच्या शेवटी तिचा हात हलका व्हायचा. शापाला हात हलका होणार नाही. पण हे मी मार्कसला कसं सांगू? माझा पुरावा म्हणजे मेलेल्या बाईच्या हाताचं वजन.

रेडिओच्या माणसानं टेपच्या नकला धाडल्या. तो फार सज्जन माणूस. तीनही टेपांत त्या जागी श्वास आहे; रेडिओ गावातही ऐकतात. मी तो श्वास ऐकतो. मागे घेतो, पुन्हा ऐकतो. एकीत पूर्वीचा तरुण श्वास आहे, एकीत सर्दी झालेली आहे. त्या श्वासात कडवं आहे असं मला वाटतं, दाबून धरलेलं. ईमरला फोन केला. म्हणालो, तू वर झोपायचीस तेव्हा आई खाली गायची, आजीच्या तिथीला, आठवतं? ती म्हणाली, "आठवतं ना. मी जागीच असायची. तुम्हाला वाटायचं झोपलीय." तिनं फोनवर गुणगुणून दाखवलं. सूर निम्मा बरोबर होता. शब्द? ती म्हणाली, "बाबा, मला वाटायचं आई तुमच्याशी भांडतेय, आणि तुम्ही ऐकून घेताय. मी डोक्यावर पांघरूण घ्यायची."  ते भांडण कशावरून होतं हे विचारायला आता ऊना नव्हती. ईमर रडत होती. मी म्हणालो, फोनचं बिल येईल.

मी रोज भांड्यांपाशी उभा राहतो. एका माणसाची भांडी किती असणार, पण मी पाणी भरतो. डोळे मिटतो. आधी ती गाऊ लागायची वाट बघतो. ती येते, अजून येते. पहिल्या ओळी ती म्हणते आणि मी तिच्यामागून म्हणतो, आणि पुढे तिचे शब्द धरायला जातो तर माझाच आवाज मध्ये येतो. मी गायलो की ती ऐकू येत नाही. मी गप्प राहिलो तर ती येते पण शब्द कळत नाहीत. आणि मला एक भीती आहे, ती मी डेलियालाही सांगितलेली नाही. कुंपणापाशी मी ज्या दोन ओळी म्हटल्या त्या आता मला तिच्या आवाजात ऐकू येत नाहीत. माझ्याच आवाजात येतात, मोडक्या. जे शब्द मी मिळवतो ते तिच्याकडून जातात. राहिलेल्या दोन ओळी मिळाल्या तर त्या स्वयंपाकघरात तिचा आवाज उरणार नाही, नुसता मी उरेन, बाही भिजलेला. म्हणून कधी कधी मी मुद्दाम पाणी सोडून देतो, डोळे उघडतो, म्हणतो आज नको. मग मार्कस आठवतो. त्या बाईच्या दारात त्या वेळी तो ओला, उघडा उभा होता. ती सदरा पिळत होती, आणि तिनं जे म्हणायचं ते नंतर गाण्यात म्हटलं, पण त्याला कधी ऐकू आलं नाही. मला तिचा आवाज सोडायला लागणार हे मला कळतं. कळून माणूस करतोच असं नाही.

काल डेलियाचा फोन होता. मार्कसनं अंथरूण धरलंय. फादर येऊन गेले. "तो मला रोज विचारतो," ती म्हणाली, "डब्लिनकराकडून काही आलं का. डेस, त्याला काय हवंय तुझ्याकडून? पैसे द्यायचे होते का तुला त्याचे?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग?" मी म्हणालो, गाणं आहे. ती म्हणाली, "मग लवकर ये."

आज सकाळी मी पाणी भरलं आणि बराच वेळ उभा राहिलो. तिसऱ्या ओळीचा एक शब्द आला, चूल. माझ्या आवाजात आला. तिचा तेवढा गेला. मी थांबलो नाही, पुढे गेलो, पण पुढे काही आलं नाही. उद्याच्या आगगाडीचं तिकीट काढलं आहे. बाकीचे शब्द अजून मिळालेले नाहीत, आणि ते मार्कसला ऐकवायचे राहिले आहेत.